गोणी मोजली, माणूस मोजला नाही

(गोदी भागातल्या पोरांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललो तसंच उतरवलंय. थोडं साफ केलंय, जास्त नाही.)

मला भाषण जमत नाही. कविता जमते अन् गोणी उचलता येते. मॅट्रिकपर्यंत शिकलो, तिथून सरळ गोदीत. कंत्राटावर. माझा आजा पण गोदीत होता. तो टोळीत होता, मी ठेकेदाराच्या यादीत आहे. तेवढाच फरक.

गेल्या महिन्यात आपल्यातली चार पोरं माझ्याकडं आली. म्हणाली, आपल्या गल्लीत दोन वर्षांत सहा माणसं कॅन्सरनं गेली. मागं कारखाना आहे, रात्री धूर सोडतो, नाल्याचं पाणी कधी हिरवं कधी लाल. तू पत्रक लिहून दे, आपण मोर्चा काढू.

मी लगेच बसलो लिहायला. राग तर होताच. पहिली ओळ झाली, दुसरी झाली, तिसऱ्या ओळीला हात अडला. माझ्या डोळ्यांसमोर टेबलामागचा साहेब आला. तो चष्मा पुसत विचारतोय, कुठला कॅन्सर? कुणाला? कधीपासून? आणि मला एकाही प्रश्नाचं उत्तर येत नाही. साहेबाला तेवढंच पाहिजे असतं. अडाण्यांची बोंबाबोंब म्हणून तो फाइल बंद करतो, अन् पुढची दहा वर्षं ती उघडत नाही.

म्हणून पत्रक ठेवलं बाजूला. शंभर पानी वही घेतली अन् सहाही घरांत गेलो. चहा घेतला, रडणाऱ्या बायांपुढं बसलो, पिशवीतले कागद वाचले. काय निघालं ते सांगतो.

दोघांना तोंडाचा. एकजण पोरवयापासून तंबाखू खायचा, दुसरी म्हातारी मिश्री लावायची. एका बाईला स्तनाचा. एकीला गर्भाशयाच्या तोंडाचा. एक नऊ वर्षांचं पोरगं, त्याला रक्ताचा. आणि एक म्हातारा, गोदीतून रिटायर झालेला. त्याच्या छातीत पाणी भरायचं. कागदावर शेवटी नुसतं लिहिलंय, छातीचा कॅन्सर.

म्हंजे माणसं सहा अन् आजार पाच. कॅन्सर हे एका आजाराचं नाव नाही, पुऱ्या जमातीचं नाव आहे. मिश्रीनं होणारा वेगळा, विषाणूनं होणारा वेगळा, बेंझीनसारख्या रसायनानं रक्ताचा होतो तो वेगळा. या सगळ्यांची मोळी बांधून एका धुराड्याच्या दारात नेऊन टाकली तर धुराड्याचा मालक हसतो.

दुसरं ऐका. देशातल्या कॅन्सर नोंदणीचा हिशोब असा आहे की दर नऊ माणसांमागं एकाला आयुष्यात कधी ना कधी कॅन्सर होऊ शकतो. आपल्या गल्लीत साडेचारशे माणसं. म्हंजे काही कुणी विष कालवलं नाही तरी पन्नासेक जणांना कधीतरी होणार. ते पन्नास जण काय रांगेत उभे राहून दर वर्षी एकेक असे मरत नाहीत. कधी पाच वर्षं कुणी नाही, कधी दोन वर्षांत सहा. भिंतीवर डोळे मिटून दगड मारा. कुठंतरी चार खुणा जवळजवळ पडतातच. मग तिथं खडूनं गोल काढायचा अन् म्हणायचं, बघा माझा नेम! ही लबाडी साहेबानं केली तर आपण पकडतो. आपण केली तर ती पण लबाडीच.

हे बोललो तर एक पोरगा माझ्यावर खवळला. म्हणाला, तू मालकाचा माणूस झालास. नाही बाबा. धुराविरुद्ध मोर्चा काढायला कॅन्सर सिद्ध करायची गरजच नाही. धूर नाकात जातो, पोरांना दमा लागतो, एवढा गुन्हा पुरेसा आहे. ती तक्रार आपण वेगळी करू, उद्याच करू. पण कॅन्सरचं नाव घेणार असू तर नीट घेऊ.

आता तो सहावा, गोदीतला म्हातारा. त्याचे कागद वाचताना माझ्या अंगावर काटा आला. मला माझी आजी आठवली.

माझा आजा साठीच्या दशकात गोदीत लागला. बोटीवरून जे उतरेल ते पाठीवर घ्यायचं. गंधक, साखर, खत, सोडा. त्यात एक माल यायचा, आजा त्याला दगडाचा कापूस म्हणायचा. बारदानाच्या गोणीत. गोणीला हूक मारला की भोकातून पांढुरकी धूळ उडायची. हॅचमध्ये तर माणसाला माणूस दिसायचा नाही. आजा घरी आला की आजी त्याला दारातच उभा करायची. कापडं काढून ओट्यावर झटकायची, मग धुवायची. ती सांगायची, तुझा आजा भूत होऊन यायचा रे.

आजा दम लागून गेला. आजी त्याच्यानंतर बऱ्याच वर्षांनी. तिनं गोदीचं फाटकसुद्धा ओलांडलं नव्हतं. बिडी नाही, मिश्री नाही. तिच्या छातीत पाणी झालं. सुईनं काढायचे, आठ दिवसांत परत भरायचं. टीबी म्हणाले. सहा महिने टीबीच्या गोळ्या खाल्ल्या, वजन उतरत गेलं. मी तेव्हा बारा वर्षांचा. दवाखान्याचं नाव मी घेत नाही, तिथले डॉक्टर दिवसाला दोनशे माणसं बघायचे. पण एक सांगतो. त्यांनी आजीला विचारलं, घरात कुणाला टीबी आहे का? नवरा कसल्या गोणी उचलायचा, हे कुणी विचारलं नाही. आम्हीही सांगितलं नाही. सांगायचं असतं हेच माहीत नव्हतं.

आता मी तुम्हाला दूर घेऊन जातो. दक्षिण आफ्रिकेत, किम्बर्ली नावाच्या गावात. हिऱ्यांच्या खाणींचं गाव. काळ १९५० नंतरचा. काळ्या माणसाला वेगळं दार, वेगळी वस्ती, खिशात पास. हे आपल्याला समजावून सांगायला नको. तिथं टीबीच्या इस्पितळात स्लेग्ज नावाचा डॉक्टर होता. टीबीची नवी औषधं नुकतीच आली होती, रोगी बरे होत होते. पण काही जण बरे होईनात. छातीत पाणी, फुफ्फुसावरचा पडदा जाड होत गेलेला, औषधाचा काही उपयोग नाही. त्यानं एक साधी गोष्ट पाहिली. किम्बर्लीच्या पूर्वेकडून येणारे रोगी सुधारतात. पश्चिमेकडून येणाऱ्यांतले हे असे मरतात.

पश्चिमेला काय होतं? अ‍ॅस्बेस्टॉसचे डोंगर. निळ्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणी.

इकडं जोहान्सबर्गला वॅग्नर नावाचा डॉक्टर प्रेतं फाडून तपासायचा. १९५६ साली त्याच्यासमोर एका काळ्या खाणकामगाराचं प्रेत आलं. कागदावर टीबी. आत बघतो तर फुफ्फुसाला गुंडाळून बसलेली मोठी गाठ. मेसोथेलिओमा. म्हंजे फुफ्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर. हा इतका दुर्मिळ की कित्येक डॉक्टर तेव्हा असा आजार असतो हेच मानत नव्हते. आणि इथं एकाच भागातून एकामागून एक निघायला लागले.

मित्रांनो, इथं लक्ष द्या. वॅग्नर, स्लेग्ज आणि मार्चंड नावाचा सर्जन, या तिघांनी १९६० साली ३३ रोग्यांचा लेख छापला. फक्त ३३. पण त्यांनी प्रत्येकाचा सगळा जन्म विचारला. कुठं जन्मलास, कुठं खेळलास, बाप काय करायचा. ३३ पैकी एक सोडून सगळ्यांचा निळ्या अ‍ॅस्बेस्टॉसशी संबंध निघाला. आणि ते सगळे खाणकामगार नव्हते. त्यात घरकाम करणाऱ्या बाया होत्या, गुराखी होते, शेतकरी होते, एक विमा एजंट होता, एक हिशेबनीस होता. कुणी लहानपणी खाणीच्या टाकाऊ ढिगाऱ्यावर खेळलेला, मग गाव सोडून गेलेला. आणि तीस-चाळीस वर्षांनी छातीत पाणी.

तीस-चाळीस वर्षं. अ‍ॅस्बेस्टॉसचा धागा केसापेक्षा कितीतरी बारीक. श्वासाबरोबर आत जातो, फुफ्फुसाच्या टोकापर्यंत पोचतो, तिथं रुततो. कुजत नाही, विरघळत नाही. शरीर त्याच्याशी झगडत राहतं, सूज राहते, अन् एवढ्या वर्षांनी त्यातून कॅन्सर उठतो. तोवर ठेकेदार मेलेला असतो, कंपनीनं नाव बदललेलं असतं, बोट भंगारात गेलेली असते. असा खून की ज्यात खुनी म्हातारा होऊन सुखानं मरतो अन् मग मुडदा पडतो.

पुढं काय झालं? मोठं सर्वेक्षण सुरू झालं होतं, ते खाणवाल्यांच्या दबावाखाली थांबलं. खाणी चालूच राहिल्या. उत्तरेकडच्या पेंगे गावात १९४९ साली शेपर्स नावाच्या सरकारी डॉक्टरानं लहान पोरं गोणीत उभी करून पायानं अ‍ॅस्बेस्टॉस तुडवताना पाहिली होती. वरून माल पडतोय, अन् चाबूकवाला मुकादम उभा. काळी पोरं. पोरांनी तुडवलेल्या गोण्या बोटीत चढायच्या अन् साता समुद्रापार जायच्या.

आता गोणीच्या मागं मागं लंडनला या.

लंडनच्या पूर्वेला, बार्किंगमध्ये केप नावाच्या कंपनीचा कारखाना होता. १९१३ साली सुरू झालेला. आफ्रिकेतला माल तिथं यायचा. न्यूहाउस आणि थॉम्प्सन या दोन बायांनी १९६५ साली एक तपास छापला. तो मी तुम्हाला नीट सांगतो, कारण आपल्याला जे करायचंय ते यातच आहे.

त्यांनी एका इस्पितळातले जुने मेसोथेलिओमाचे ७६ रोगी घेतले. आणि त्याच इस्पितळातले दुसऱ्या आजाराचे ७६ रोगी घेतले. दोन्हींना तेच प्रश्न. हे दुसरे ७६ का? कारण नुसत्या आजारी माणसांना विचारलं तर काही ना काही निघतंच. सगळेच पाव खातात, म्हणून पावानं कॅन्सर होतो असं होत नाही. ज्यांना तो आजार नाही त्यांच्याशी ताडून बघावं लागतं. काय निघालं? मेसोथेलिओमाच्या ७६ पैकी ४० जणांचा कामावर किंवा घरात अ‍ॅस्बेस्टॉसशी संबंध होता. दुसऱ्या ७६ मध्ये फक्त ९ जणांचा. मग उरलेले बघितले, ज्यांचा कामात नाही अन् घरातही नाही. त्या ३६ पैकी ११ जण कारखान्यापासून अर्ध्या मैलाच्या आत राहिलेले. दुसऱ्या बाजूच्या ६७ मध्ये असे फक्त ५.

आणि घरात संबंध म्हंजे काय? बहुतेक बाया. नवऱ्याची कामाची कापडं धुणाऱ्या. त्यात एका बाईची हकिकत अशी आहे. तिचा नवरा गोदी कामगार होता. तीन-चार वर्षं रोज संध्याकाळी अ‍ॅस्बेस्टॉसनं पांढरा होऊन घरी यायचा. आणि ती त्याला ब्रशनं झटकायची.

मी हे वाचलं तेव्हा पाळी संपवून आलो होतो. वाचनालयात बसलो होतो. पुस्तक मिटलं अन् बाहेर येऊन नळाखाली डोकं धरलं. लंडनच्या त्या गोऱ्या बाईला अन् माझ्या आजीला एकमेकींची भाषा कळली नसती. पण ओट्यावर दोघी तेच करत होत्या.

म्हणून सांगा, माझी आजी अ‍ॅस्बेस्टॉसनं मेली का? मी हो म्हणणार नाही. तुकडा काढून तपासलाच नाही. टीबी असेलही. आपल्या वस्तीत टीबीनं कमी माणसं मरत नाहीत. मला तिच्या मरणावर माझ्या कवितेचा शिक्का मारायचा नाही. पण प्रश्न विचारलाच गेला नाही, ही चोरी आहे. ही चोरी मी विसरणार नाही.

साहेब लोक म्हणतील, असले तपास कुठं पुरे होतात? खरंय. अमेरिकेत वीस वर्षांतल्या ४२८ तपासांचा आढावा २०१२ साली छापला गेला. लोक तक्रार करतात, सरकार तपास करतं, असे ४२८. त्यात कारण स्पष्ट सापडलं असा तपास एकच. फक्त एक. आणि तो कुठला? साउथ कॅरोलायनात चार्ल्सटन बंदरातला, जहाजांच्या गोदीतल्या कामगारांचा, फुफ्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर. अ‍ॅस्बेस्टॉस.

तो का सापडला? कारण आजार एकच होता अन् दुर्मिळ होता. कारण कामगार कोण होते, कुठं होते, याची नोंद होती. आपल्याकडं नेमकी तीच नाही. टॅली क्लार्क एकेक गोणी मोजायचा. किती उतरल्या, किती फाटल्या, किती ओल्या. पाठ कुणाची होती ते वहीत नाही. आज तर माझं नाव ठेकेदाराच्या मोबाइलमध्ये असतं. महिना संपला की ते पण पुसलं जातं.

सर्वोच्च न्यायालयानं २७ जानेवारी १९९५ ला निकाल दिलाय. अ‍ॅस्बेस्टॉसच्या उद्योगानं प्रत्येक कामगाराच्या तब्येतीची नोंद कामाला लागल्यापासून किमान ४० वर्षं किंवा काम सुटल्यावर १५ वर्षं, यातलं जे नंतर येईल तोवर ठेवायची. चाळीस वर्षं का? आता तुम्हाला कळलं. कोर्टाला पण कळलं होतं. पण हजेरीपटावर नावच नसलेल्या माणसाची नोंद कोण ठेवणार? आणि त्याच्या बायकोची?

म्हणू नका हे जुनं झालं. ब्रिटननं १९९९ मध्ये अ‍ॅस्बेस्टॉस बंद केला, दक्षिण आफ्रिकेनं २००८ मध्ये, कॅनडानं २०१८ मध्ये. आपल्या देशात पांढरा अ‍ॅस्बेस्टॉस अजून बाहेरून येतो, पत्रे बनतात. निळ्यापेक्षा पांढरा बरा असं मालक सांगतात. कॅन्सरवर काम करणारी जागतिक संस्था सांगते, सगळ्या जातींच्या अ‍ॅस्बेस्टॉसनं कॅन्सर होतो. जातीजातींत उजवं-डावं करायची सवय इथं पण सुटत नाही.

वर बघा. आपल्या डोक्यावर तेच पत्रे आहेत. घाबरून आज रात्री उपटू नका. अखंड पत्र्यातला धागा सिमेंटमध्ये पक्का असतो. धोका तो कापताना, भोक पाडताना, फोडताना, घासताना. पत्रा काढायचाच तर पाण्यानं भिजवून, न फोडता. कोरडा झाडू मारू नका. पोरांना तुकड्यांवर खेळू देऊ नका. आणि पाडकामाला जाणाऱ्यांनी त्याच कापडात घरी येऊ नका. बायकोला झटकायला लावू नका.

आता काम वाटून घेऊ.

एक, वही. प्रत्येक रोग्याचं वय, आजाराचं नेमकं नाव, तुकडा तपासला का, कधी कळलं. नुसतं कॅन्सर लिहिलेलं चालणार नाही. कागद बघायचा.

दोन, जन्माची हकिकत. पन्नास वर्षांतली सगळी कामं, सगळी घरं. नवऱ्याचं काम, बापाचं काम. कापडं कोण धुवायचं.

तीन, जे वस्ती सोडून विरार-बदलापूरला गेले, गावी जाऊन मेले, त्यांना सोडायचं नाही. मुंबईत कॅन्सरची नोंदणी १९६३ पासून आहे, देशातली पहिली. पण गावी जाऊन मेलेला आपला म्हातारा तिच्यात सापडेलच असं नाही. तो आपणच शोधायचा.

चार, जे आजारी नाहीत त्यांनाही तेच प्रश्न विचारायचे. सगळ्यात कंटाळवाणं काम हेच आहे, अन् हेच टाळलं तर बाकी सगळं फुकट.

पाच, ज्याच्या छातीत पुन्हा पुन्हा पाणी होतंय अन् टीबीच्या औषधानं उतरत नाही, त्याच्याबरोबर आपल्यातल्या एकानं मोठ्या इस्पितळात जायचं. डॉक्टरला हात जोडून नाही, नीट उभं राहून सांगायचं, हा माणूस गोदीत होता, तुकडा तपासा.

आणि जे निघेल ते मान्य करायचं. काही निघालं नाही तर तेही पत्रकात छापायचं. आपण खोटं बोललो नाही हे वस्तीला कळलं पाहिजे. उद्या खरं सापडेल तेव्हा तीच आपली ताकद.

शेवटचं. आफ्रिकेतल्या त्या खाणींतले अन् आसपासचे ७,५०० लोक केपविरुद्ध लंडनच्या कोर्टात गेले. कंपनी तर १९७९ लाच तिथून निघून गेली होती. खटला लंडनमध्ये चालवायचा की नाही याचा निकाल लागायला २००० साल उजाडलं. २००३ मध्ये केपनं ७५ लाख पौंड दिले. भागिले साडेसात हजार. माणशी एक हजार पौंड. कित्येक जण मधेच मेले होते. कमी मिळालं, उशिरा मिळालं. पण मिळालं ते एवढ्यासाठी की कुणीतरी किम्बर्लीत बसून पूर्वेचे रोगी वेगळे अन् पश्चिमेचे वेगळे लिहिले होते.

वही माझ्याकडं आहे. पहिल्या पानावर गोदीतल्या त्या म्हाताऱ्याचं नाव आहे. दुसऱ्या पानावर आजीचं. तिच्या नावापुढं आजाराचा रकाना मी कोराच ठेवलाय. नवऱ्याच्या कामाचा रकाना भरलाय.

येत्या रविवारी दहा वाजता नळाजवळ जमू. पेन आपापलं आणा.